जाखाईच्या ओट्या

बोटीवर चढताना चपला काढायच्या, एवढ्या एका गोष्टीवरून कैलासने काठावर पंधरा मिनिटं घालवली.

"देऊळ हाय का काय हे?" तो म्हणाला. "का वर पूजा मांडलीय?"

"लाकडाला चरे पडतात, तात्या," सत्यमने वरून सांगितलं. "सगळ्या यॉटवर हीच पद्धत असते."

"म्हंजे बापाच्या चपलंपरीस तुजं लाकूड मोठं."

"काढा की वो एकदाच्या!" सारिका केव्हाच वर जाऊन बसली होती. "सासूबाई उन्हात उभ्या हायेत. तुमच्या चपला काय कुणी पळवून नेत न्हाई, त्यांचा अंगठा तुटलाय."

वाट दाखवायला आलेले भिकाजीआबा हसले. सत्यम हसला नाही, पण आईकडे बघून त्याने मान खाली घातली.

आता खरं सांगायचं तर चपलेचं निमित्त होतं. कैलासला बोटीवर पाऊलच ठेवायचं नव्हतं. धरणाकाठचं ते सव्वा एकर रान, जिथे सत्यमला धक्का बांधायचा होता, ते सातबाऱ्यावर दोघांच्या नावे होतं, कैलासच्या आणि त्याच्या आईच्या, रतनबाईच्या. कैलासने लोणावळ्याची बंगलेवाली पार्टी पक्की करून ठेवली होती. पोरगा म्हणत होता रान द्या, बाप म्हणत होता विकू द्या, आणि दोघांच्या मधे शहात्तर वर्षांची म्हातारी तोंड मिटून बसली होती. गुढीपाडव्याला तिने तोंड उघडलं ते एवढ्यापुरतंच.

"मला जाखाईवर जो घेऊन जाईल, त्याला माजी सही."

गावदेवी जाखाई आता देवळासकट साठ फूट पाण्याखाली. शेरावली गाव धरणात गेलं तेव्हा रतनबाईच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि कैलास टोपलीत बसून डोंगरावर आला होता. आता तिथे जायचं तर बोट पाहिजे, आणि बोट होती सत्यमकडे. कैलासच्या तोंडचा घास तिथेच गेला.

बोट म्हणाल तर अशी बोट मावळात कुणी पाहिली नव्हती. पांढरीशुभ्र, छपरावर सोलरच्या काळ्या फळ्या, आत चार खोल्या, सागाची जमीन, पितळेच्या कड्या. मागच्या महिन्यात ती ट्रेलरवरून घाट चढून आली तेव्हा खंडाळ्याच्या वळणावर अडकली आणि अडकलेल्या अख्ख्या घाटाने सत्यमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गावात तिला यॉट कुणी म्हणत नव्हतं. सत्यमचा बगळा म्हणत. नऊ वर्षं परदेशातल्या समुद्रावर श्रीमंतांच्या यॉटवर पितळ पुसून, दोर ओढून, मग सुकाणू हातात घेऊन तो परत आला होता आणि त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. पाहुण्यांनी ऐषआराम करावा, पण तळ्याला त्याची झळ लागू नये. अंघोळीचं, संडासाचं एक थेंब पाणी धरणात जाणार नाही, टाकीत साठेल आणि काठावर उपसलं जाईल. भोंगा नाही. कामावर माणसं घ्यायची ती बुडालेल्या शेरावलीच्या घरांतली, वरच्या आळीचीही आणि भिकाजीआबांच्या वस्तीचीही. आणि जिन्याजवळ एक पाटी होती: पाण्यात काहीही टाकू नये.

"काहीही" खाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या.

शेवटी कैलासने चपला काढल्या. टाचांना भेगा पडलेले त्याचे पाय त्या चकचकीत लाकडावर फार विचित्र दिसत होते. ते त्याचं त्यालाही दिसलं असावं, कारण तो लगेच पाय पोटाशी घेऊन बसला.

सविता सगळ्यांत मागे होती. कैलासची धाकटी बहीण, राहायला चिंचवडला. सहा वर्षांनी ती काठावर आली होती, तीही भाच्याने चार वेळा फोन केला म्हणून. तिच्याशी अजून कुणी धड बोललं नव्हतं. आईने फक्त "आलीस?" विचारलं होतं, आणि तिने "आले" म्हटलं होतं.

बोट काठ सोडून निघाली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, नुसतं पाणी कापल्याचं सुळसुळणं. समोरच्या काठावर कैलासचे, सहलीवाल्यांना भाड्याने द्यायचे, तीस तंबू दिसत होते. कालच्या रविवारचे भोंगे बंद होते, पण थर्माकोलच्या ताटल्या कडेच्या पाण्यात अजून तरंगत होत्या. सत्यमने तिकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे कैलासला समजलं आणि त्याचा जास्त संताप झाला.

तो सविताच्या शेजारी सरकला.

"सवे, तू आईला सांग. तुजं ऐकंल ती. ह्या पोराचं खूळ दोन वर्षांत उतरंल, मग त्या धक्क्यावर काय म्हशी बांधायच्या? बंगलेवाले आज तयार हायेत. आन मी तुला विसरनार न्हाई."

"मला?" सविता त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सहा वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतास, दादा."

कैलास पुन्हा आपल्या जागी सरकला.

सहा वर्षांपूर्वी वडील, म्हणजे महिपती, गेल्यावर वडगावच्या कचेरीत तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. अर्ध्या मावळातल्या बहिणी करतात. पण सही करणाऱ्या बहिणीला घरी नेतात, पाटावर बसवतात, साडीचोळी करतात, ओटी भरतात. कैलासला त्या दिवशी आणखी नव्या तंबूंचं सामान उतरवायची घाई होती. त्याने तिला कचेरीसमोर चहा पाजला आणि सरळ स्टेशनवर सोडलं. "पुन्हा ये निवांत," म्हणाला. ती फलाटावर रिकाम्या पदराने उभी राहिली. आई घरी वाट बघत असेल, आई भांडेल, आई उद्या निरोप धाडेल, असं तिला वर्षभर वाटत होतं. आईने निरोप धाडला नाही. रान गेल्याचं सविताला काही वाटलं नाही हो, पण माहेर असं चहाच्या कपात संपतं का कुठे?

"भिकाजीआबा, आता कुठे?" सत्यमने विचारलं.

भिकाजीआबा पुढच्या टोकाला उभे होते. ऐंशीच्या पुढचं वय, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. धरणाच्या भिंतीवर तीस वर्षं त्यांनी पाण्याची पातळी लिहिली होती. यंत्रावर खोली दिसत होती, पण खाली कुठे काय आहे ते यंत्राला ठाऊक नव्हतं. आबांनी एक डोळा मिटला, समोरच्या डोंगराची खाच आणि भिंतीवरचा दिव्याचा खांब एका रेषेत धरला.

"अजून थोडं डावीकडं. हां, हितं चावडी. हितं पिंपळ. हा आमचा पानवठा, तुमच्या पानवठ्याच्या खाली. आता हळू. मशीन बंद कर."

"बंदच आहे, आबा. तिला आवाज नसतो."

"असं व्हय? मग थांब. आलं देऊळ."

बोट थांबली. सगळे खाली वाकून बघायला लागले. खाली हिरवट पाणी, दुसरं काय दिसणार?

"गंमत हाय बघा," भिकाजीआबा म्हणाले. "पंचवीस वर्षांचा होईस्तोवर मला ह्या देवळाची पयली पायरी चढू दिली न्हाई. आन आज कळसावर उभा हाय. बूट घालून आलो असतो तर बरं झालं असतं, पण हितंबी काढायलाच लावलं."

कैलास नेहमीसारखा हसून उडवून देणार होता, पण रतनबाई आधी बोलली.

"खरं हाय, भाऊ. आमी बघत हुतो आन गप बसलो हुतो."

"तुमी एकट्या न्हाई, वयनी. समदं गाव." आबांनी खांब आणि खाच पुन्हा एकदा जुळवून बघितली. "तरीबी सपनात येतं ते हेच गाव. धरनाची भिंत कवा येत न्हाई. तीस वर्सं पगार खाल्ला तिचा, पर येत न्हाई बगा."

मग रतनबाईने पदराखालून ओटी काढली.

सविताला ती बघताक्षणी ओळखू आली. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, आत नारळ, हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, तळाला एक गोल दगड आणि वर सुतळीच्या तीन गाठी. लहानपणी चैत्री पुनवेच्या आदल्या दिवशी आई दारात बसून अशा चाळीस-चाळीस ओट्या बांधायची. गाव बुडाल्यानंतर पहिली काही वर्षं बायकांनी काठावरून ओटी सोडली होती, तर नारळ तरंगत तरंगत परत पायाशी यायचा. जाखाई घेत नाही, रुसलीय, म्हणून बायका रडायच्या. तेव्हा रतनबाईनेच युक्ती काढली. खताच्या गोणीच्या आतलं प्लास्टिक, त्यात दगड, वर गाठ. आणि काठावरून नाही, भोयाच्या होडीतून थेट देवळावर. ओटी सरळ तळाला! नारळ भिजत नाही, तांदूळ सांडत नाही, परत येत नाही. "रतनबाईचं डोकं म्हंजे डोकं," गाव म्हणालं होतं. तेव्हापासून सगळ्या शेरावलीच्या ओट्या तिच्याच हातून जायच्या. पुढे भोई वारला, रतनबाईचे गुडघे गेले, कैलासने डुगडुगत्या होडीला बंदी केली. सहा वर्षं ओटी नाही. सहा वर्षं ती दर चैत्री पुनवेला काठावर येऊन बसायची आणि घरी जाऊन कुणाशी बोलायची नाही.

"आजी," सत्यम म्हणाला. "ते पाण्यात नाही टाकता येणार."

"का?"

"प्लास्टिक आहे. आणि नुसतं प्लास्टिकच नाही. इथे काहीच टाकायचं नाही, हा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

कैलास उठून उभा राहिला. आता त्याच्या पायांची त्याला लाज वाटत नव्हती.

"ऐकलंस, आये? नातवाच्या बोटीत फिरंगी झोपतील, वाइन पितील, पर जाखाईला नारळ न्हाई! ह्याच्यापायी तू सही देनार हायेस? माज्या तंबूंवर नाक मुरडतो ना हा? मी निदान देवाला आडवा गेलो न्हाई कवा."

"तात्या, तुमच्या ताटल्या तिकडे तरंगतायत, त्याचं काय?"

"त्या ताटल्यांनीच तुला शिकवला!"

"दोघंबी गप बसा," सारिका म्हणाली. "म्हातारीचा दिस हाय आज."

सत्यम आजीकडे बघत राहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पिशवी मांडीवर धरून बसली होती, गाडी चुकलेल्या बाईसारखी. नऊ वर्षं परक्या समुद्रांवर हिंडताना त्याला रोज आठवलेली बाई ती हीच. जगातलं निळ्यात निळं पाणी बघून त्याला वाटायचं, आपल्या आजीला तिचं साधं हिरवं पाणी कुणी दाखवत नाही. ह्या बोटीचा पहिला विचार तिथून निघाला होता. आणि आता ती इथवर आली, तर आपणच तिचा हात अडवणार?

"टाक, आजी," तो म्हणाला. "एवढी एक टाक. नियम मीच केलाय, मीच मोडतो."

"आन मग सही?" कैलास टोचून म्हणाला. "सहीसाठी मोडतोयस."

ते सत्यमला लागलं, कारण ते थोडं खरंही होतं.

"थांब. आधी तुला एक दाखवायचं होतं, आजी," तो म्हणाला. "त्यासाठीच तर आणलं. खाली सोडायचा कॅमेरा आहे. पाहुण्यांना गाव दाखवायचं, असं ठरवलंय. पण पहिल्यांदा तू बघ, म्हणून मी अजून कुणालाच दाखवलेलं नाही. तुझं देऊळ बघ, मग ओटी टाक."

"माजं देऊळ? दिसंल?"

"दिसेल."

म्हातारीचा चेहरा असा उजळला, की सविताने मान वळवली. सहा वर्षांचा राग चेहऱ्यावर धरून ठेवणं तिला जमेना.

सत्यमने दिवा लावून कॅमेरा सोडला. वायर सरसर खाली गेली. टेबलावरच्या पडद्यावर आधी हिरवं, मग काळं, मग धूळ उडाल्यासारखं काहीतरी. आणि मग एक दगडी कोपरा.

"जोतं!" रतनबाई ओरडली. "जोत्याचा दगड! भाऊ, हे बघा, हितंच कैलासची सटवाई पुजली मी. त्याच्या फुडं दीपमाळ असंल."

दीपमाळ होती. अर्धी, पण होती. ती पडद्यावर बोट टेकवून बघत राहिली. कैलासही नकळत पुढे झुकला. तो टोपलीतून ह्या देवळासमोरून गेला होता, आणि त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. सगळं आयुष्य ज्या गावाचं ऐकून ऐकून तो कंटाळला होता, ते एवढंसं होतं.

"आन गाभारा?" रतनबाई म्हणाली. "आत वळव."

सत्यमने कॅमेरा वळवला.

देवळापुढे ढीग पडला होता. पिशव्यांचा. गाळाने मळलेल्या, काही दगडांवर अडकून पाण्यात हळूहळू हलणाऱ्या. छप्पर कोसळलं होतं तिथून आतही साठलेल्या, गाभाऱ्याच्या दारापर्यंत. शंभर, दोनशे, कितीतरी जास्त. एकही फाटलेली नाही. दिव्याच्या उजेडात एका पिशवीतला हिरवा खण दिसला, अगदी घडी घातल्यासारखा.

"ही घाण कुणी टाकली?" कैलास म्हणाला. सवयीने म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

"तीन गाठी," रतनबाई म्हणाली. "माज्याच हायेत. ह्या माज्या गाठी हायेत, सत्यम."

"आजी, तुला काय माहीत होतं..."

"पोचल्याच न्हाईत गं तिला." ती सत्यमशी बोलत नव्हती, पडद्याशी बोलत होती. "मीच बांधून ठिवलं समदं. नारळ तसा, खण तसा. पन्नास वर्सं बाई दारात ढीग बघत बसली, आन तिच्या पदरात दाणा न्हाई पडला. आन मी म्हणत हुते, पोचलं, पोचलं!"

तिने कपाळावर हात मारला आणि रडायला लागली. म्हातारी माणसं रडतात तशी नाही, आवाज काढून, पोरीसारखी. सारिकाने तिचं डोकं पोटाशी धरलं. भिकाजीआबांनी चष्मा काढून पुसला. सत्यमला वाटलं, कशाला दाखवलं आपण? बाई सुखात होती. ओटी टाकून सुखाने घरी गेली असती.

बऱ्याच वेळाने रतनबाईने नाक पुसलं. मांडीवरची पिशवी उचलून गाठी सोडायला लागली. सुतळी सुटेना. कैलासने पुढे होऊन दाताने सुतळी तोडली. ओटी टेबलावर मोकळी करून पिशवी आणि दगड त्याने काढून घेतला, पिशवीची नीट घडी केली आणि आपल्या खिशात घातली.

"सत्यम," रतनबाई म्हणाली, "सही देते मी. धक्का बांध. पर आधी ह्या समद्या वर काढायच्या. एकबी ठिवायची न्हाई. तोवर ह्या बोटीत पावना चढायचा न्हाई आन माजं गाव कुणाला दाखवायचं न्हाई. झाडलेलं घर दाखवावं मानसानं."

"काढतो, आजी. एक मोसम जाईल."

"जाऊ दे. आन कैलास," तिने मुलाकडे बघितलं, "तू काढू लागायचं. तुज्या ताटल्यांसकट."

कैलास बंगलेवाल्यांचं नाव काढेल, असं सगळ्यांना वाटलं. त्याने खिशावर हात ठेवला. "सही मी काय आज देत न्हाई," तो म्हणाला. "बघू फुडं. पर पिशव्या काढू. त्या आपल्याच हायेत."

"आता ही ओटी घरी न्यायची का?" सारिकाने विचारलं.

"घरी न्यायला बांधली न्हाई." रतनबाई उठली. गुडघ्यात कळ आली, तशी टेबलाला धरून उभी राहिली. "सवे, पदर घे."

सविता जागची हलली नाही.

"मला माहीत हुतं, गं," रतनबाई म्हणाली. "त्या दिशी मी ताट करून बसले हुते. दिवेलागणीपातूर. हा एकटाच आला. मी त्याला इचारलं न्हाई, आन तुला बोलवलं न्हाई. वाटलं, रान घेतलं पोरीचं, आता कुठल्या तोंडानं ओटी भरू? लाजच वाटली मला. तुजीबी ओटी मी तशीच गाठ मारून ठिवली. घे पदर."

सविताने पदर पुढे केला. नारळ पडला, खण पडला, हळकुंड, सुपारी, बांगड्या, आणि मग रतनबाईने ओंजळीने तांदूळ घातले, एकदा, दोनदा, पाच वेळा. कुंकू लावायला करंडा नव्हता. सारिकाने आपल्या कपाळाचं बोटावर घेऊन नणंदेला लावलं.

आता लेकीने ओटीतले पाच दाणे माहेरी परत ठेवायचे असतात. माहेरचं अन्न सरू नये म्हणून. सविताने पदरातून हळद लागलेले पाच दाणे वेचले आणि इकडेतिकडे बघितलं. घर डोंगरावर होतं. पण तिची ओटी इथे भरली होती, साठ फूट पाण्यावर, आईने सटवाई पुजलेल्या जोत्याच्या वर. तिने पाण्याकडे बघितलं, मग जिन्याजवळच्या पाटीकडे, मग भाच्याकडे.

सत्यम दोन पावलं सरकला आणि पाटीला पाठ लावून उभा राहिला. पाटी त्याच्यामागे झाकून गेली.

सविताने कठड्यावरून वाकून मूठ उघडली.

मग सगळे पडद्याभोवती जमले. कैलाससुद्धा. बराच वेळ काही दिसेना. नुसता दिव्याचा उजेड, पिशव्या आणि गाभाऱ्याचं काळं दार. रतनबाईची नजर अधू होती, तिने सविताचं मनगट घट्ट धरलं होतं.

"पोचले का गं?"

"थांब, आई."

आणि मग वरून एक पांढरा ठिपका आला. त्याच्यामागे दुसरा. हळूहळू, घाई नसल्यासारखे, ते ढिगावरून पुढे तरंगत गेले आणि दाराच्या उंबऱ्यात उतरले. सविताने मोजले. तीनच दिसले. दोन कुठे गेले, कुणास ठाऊक.

"सांग की गं. पोचले?"

"व्हय, आये," सविता म्हणाली. "पोचले."